विज्ञानकथेतील डोक्यात जाणारे पात्र: ते कधी ठेवावे आणि कसे लिहावे

विज्ञानकथेच्या पहिल्या खर्ड्यात एक माणूस हमखास येतो. तो हुशार असतो, फटकळ असतो, चारचौघांत कसे वागावे हे त्याला कळत नाही आणि यानावरची बाकीची माणसे त्याला वैतागलेली असतात. लेखकाचा त्याच्यावर जीव असतो, पण वाचकाला तो पाचव्या पानावरच नकोसा होतो. मग खर्डा वाचणारा कोणीतरी सल्ला देतो की हे पात्र काढूनच टाका. माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. अशा पात्राचा स्वभाव वाचकाला सहसा खुपत नाही. त्या स्वभावाला कथेत काही काम दिलेले नसते, हे त्याला खुपते.

उलट विज्ञानकथेला अशा माणसाचा जितका उपयोग होतो, तितका अन्य कथाप्रकारांना क्वचितच होत असेल. आजच्या जगात घडणाऱ्या कथेत सभ्य वागणे म्हणजे काय, हे वाचकाला आधीच माहीत असते. विज्ञानकथेत मात्र जगच लेखक घडवतो, त्यामुळे त्या जगात माणसे एकमेकांशी कशी बोलतात, काय विचारलेले चालते आणि काय विचारलेले खपत नाही, हेही त्यालाच ठरवावे लागते. हे नियम निवेदनातून समजावत बसले की कथा थांबते. ते मोडणारा एक माणूस प्रसंगात आणून सोडला, तर बाकीच्यांच्या प्रतिक्रियांतूनच ते वाचकाला कळतात. पुढच्या सर्व पायऱ्यांमागे हाच विचार आहे की पात्राचे अवघडलेपण त्या कल्पित जगातून उगवले पाहिजे, आणि त्याचा त्रास कथेतल्या माणसांना झाला पाहिजे, वाचकाला नव्हे.

आधी ठरवा: त्रासदायक की अवघडलेले?

या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि लिहिताना त्यांची सरमिसळ झाली की पात्र धूसर होते. त्रासदायक माणसामुळे इतरांना त्रास होतो. त्याला स्वतःला कदाचित त्याचे काहीच वाटत नसेल. अवघडलेल्या माणसाला मुख्यतः स्वतःलाच त्रास होतो. तो इतरांच्या वाटेलाही जात नसेल. पहिल्याचे चित्रण बाहेरून होते, म्हणजे इतरांच्या उत्तरांतून, त्यांच्या गप्प बसण्यातून, जेवताना त्याच्या शेजारची जागा टाळण्यातून. दुसऱ्याचे चित्रण आतून करावे लागते, म्हणजे बोलण्याआधी तो मनात वाक्य किती वेळा जुळवतो आणि ते जुळेपर्यंत विषय कसा पुढे निघून जातो, यातून. एकाच पात्रात दोन्ही असू शकते, पण मुख्य काय आहे ते लेखकाला ठाऊक असावे.

त्यासाठी कथा लिहायला घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहून काढावीत. त्रास कोणाला होतो? नेमका कशाचा होतो? आणि आपल्यामुळे त्रास होतो, हे पात्राला कळते का? पहिल्या दोन प्रश्नांना "सगळ्यांना, त्याच्या स्वभावाचा" असे उत्तर आले, तर अजून काहीच ठरलेले नाही असे समजावे. "कमांडरला होतो, कारण तिने सांगितलेल्या प्रत्येक अंदाजाला तो सगळ्यांसमोर आकडा मागतो" हे उत्तर चालेल, कारण त्यातून प्रसंग सुचतो. तिसऱ्या प्रश्नावर कथेचा सूर अवलंबून असतो. कळत असूनही जो तसे वागतो, त्याच्यापाशी काहीतरी तत्त्व, हट्ट किंवा जुना राग असला पाहिजे. ज्याला कळतच नाही, त्याच्याबद्दल वाचकाला काळजी वाटू लागते. ज्याला उशिरा कळते, त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा कथेचा सर्वांत जड प्रसंग येतो.

पात्र काढून पाहा

दुसरी पायरी म्हणजे कथेचा सारांश त्या पात्राशिवाय लिहून पाहणे. सारांशात काहीच बिघडले नाही, तर पात्र केवळ सजावटीला आहे. बिघडले, तर नेमके कुठे बिघडले ते पाहावे, कारण तेच त्याचे काम असते.

हे काम किती खोलवर जाऊ शकते, याचा उत्तम नमुना ज्यूल व्हर्न यांच्या १८६४ सालच्या पृथ्वीच्या पोटातील प्रवासाच्या कादंबरीत सापडतो. तिथला प्राध्यापक लिडेनब्रोक हा कमालीचा उतावळा माणूस आहे. कुंडीतली रोपे लवकर वाढावीत म्हणून तो त्यांची पाने ओढतो, आणि वर्गात खनिजांची अवघड नावे उच्चारताना अडखळला की संतापतो. इथपर्यंत हे केवळ गमतीदार स्वभावचित्र वाटते. पण एका जुन्या सांकेतिक मजकुराचा अर्थ लावायचा ठरल्यावर तो घराला कुलूप घालतो, किल्ली स्वतःजवळ ठेवतो आणि अर्थ लागेपर्यंत घरात कोणाला जेवू देत नाही. त्याच्या पुतण्याला, म्हणजे निवेदकाला, तो अर्थ योगायोगाने आधीच कळलेला असतो. तो सांगितला तर काका जिवावर बेतणाऱ्या प्रवासाला निघणार हे ओळखून तो गप्प बसतो. अखेर भुकेपुढे त्याचा निग्रह टिकत नाही आणि तो सगळे सांगून टाकतो. म्हणजे प्रवास सुरू होतो तोच मुळी काकाच्या असह्य स्वभावामुळे. लिडेनब्रोकच्या जागी समंजस प्राध्यापक ठेवला असता, तर वेळेवर जेवणे झाली असती, पुतण्या गप्प राहिला असता आणि कादंबरी तिथेच संपली असती.

दुसरे एक काम म्हणजे सगळ्यांना नकोशी वाटणारी गोष्ट लावून धरणे. १९७९ च्या 'एलियन' या चित्रपटात चेहऱ्याला परका जीव चिकटलेल्या सहकाऱ्याला घेऊन कप्तान यानाकडे परततो, तेव्हा आत असलेली रिप्ली ही अधिकारी चोवीस तासांच्या विलगीकरणाच्या नियमावर बोट ठेवते आणि दार उघडायला नकार देते. त्या क्षणी ती निष्ठुर वाटते. दार दुसराच कोणीतरी उघडतो आणि पुढचा अनर्थ तिथून सुरू होतो. नकार देणाऱ्या माणसाला प्रेमळ किंवा लोकप्रिय दाखवले असते, तर त्याचे कोणीतरी ऐकले असते. त्याचे न ऐकण्याला सबळ कारण हवे, आणि त्याचे रुक्ष वागणे हे कारण पुरवते.

वैज्ञानिक माहिती काढून घेण्यासाठी सतत प्रश्न विचारणारे पात्र ठेवणे, हा तिसरा आणि सर्वांत सोपा उपयोग आहे. तो जरूर करावा, पण एवढ्याच एका कामासाठी कोणाला शंभर पाने जिवंत ठेवू नये.

स्वभावाचे मूळ त्या जगातच शोधा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. पात्र फटकळ आहे, कारण ते मुळातच तसे आहे, एवढ्यावर लेखक थांबतो. वास्तविक विज्ञानकथेच्या लेखकाच्या हाताशी अवघडलेपणाची अशी कारणे असतात, जी दुसऱ्या कोणाकडे नसतात.

संदेशाला लागणारा वेळ घ्या. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातील अंतर सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर ते चाळीस कोटी किलोमीटर असे बदलत राहते, त्यामुळे रेडिओ संदेशाला एका बाजूने जायला तीन ते बावीस मिनिटे लागतात. एवढ्या अंतरावरून गप्पा मारता येत नाहीत. हजरजबाबीपणा, समोरच्याचे वाक्य तोडून केलेला विनोद, चेहरा पाहून बदललेला सूर, ही सगळी हुकमी अस्त्रे तिथे बोथट होतात. पृथ्वीवर समारंभ गाजवणारा माणूस या परिस्थितीत उथळ आणि अधीर वाटू लागेल, आणि समोरासमोर दोन वाक्ये धड न बोलू शकणारा, पण शांतपणे विचार करून सविस्तर निरोप लिहिणारा माणूस सगळ्यांचा आधार होईल. अवघडलेले कोण हे अंतराने ठरवले. असा उलटफेर घडवण्याची ताकद हाती असताना लेखकाने ती वापरू नये, याचे मला वाईट वाटते.

बंदिस्त हवा हे दुसरे कारण. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण ०.०४ टक्के असते. अवकाश स्थानकासारख्या बंद जागेत ते त्याच्या कित्येक पट असते आणि त्यामुळे डोकेदुखीच्या तक्रारी अंतराळवीरांनी केलेल्या आहेत. एखाद्या विभागात हवा खेळवणारा पंखा नीट चालत नसेल आणि तिथे काम करणारी व्यक्ती दिवसेंदिवस चिडचिडी होत असेल, तर बाकीचे तिच्या स्वभावाला नावे ठेवतील आणि यंत्राकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. इथे तिची चिडचिड हाच बिघाडाचा पहिला इशारा आहे. वाचकालाही ती आधी स्वभावातली वाटली पाहिजे, म्हणजे खरे कारण कळल्यावर त्याला स्वतःच्या निवाड्याचा पुनर्विचार करावा लागतो.

वजनरहित अवस्थेत शरीरातील द्रव वरच्या बाजूला सरकतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. शिवाय समोरचा माणूस उलटा तरंगत असेल, तर त्याचा चेहरा वाचणे अवघड जाते. अशा ठिकाणी वाढलेल्या पिढीने चेहऱ्याऐवजी हातांकडे किंवा आवाजाकडे पाहून भाव ओळखायची सवय लावून घेतली असेल, तर त्या पिढीतला तरुण पृथ्वीवर आल्यावर कोणाच्या डोळ्यांत पाहणार नाही. लोक त्याला उद्धट म्हणतील. त्याच्या घरच्या शिष्टाचारात मात्र डोळ्यांत रोखून पाहणेच उद्धट असेल.

प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने प्रवास करून आलेल्या यात्रेकरूची पाच वर्षे होतात, तेव्हा पृथ्वीवर सुमारे पस्तीस वर्षे उलटलेली असतात. त्याचे विनोद, त्याची आदराची पद्धत, सहज विचारलेले घरगुती प्रश्न, सगळे पस्तीस वर्षांपूर्वीचे असेल. त्याच्या वागण्यात काही बदललेले नाही, म्हणूनच तो आता लोकांना खटकतो.

अवघडलेपण आणि कल्पित विज्ञान यांची सांगड किती घट्ट बसू शकते, हे पाहायचे असेल तर आयझॅक असिमोव्ह यांची १९४१ सालची 'लायर' ही कथा अभ्यासावी. तिच्यातील सुझन कॅल्व्हिन ही यंत्रमानवांची मानसतज्ज्ञ थंड, एकाकी आणि तुटक वागणारी आहे. मनातले वाचू शकणारा एक यंत्रमानव तिला सांगतो की तिला आवडणाऱ्या सहकाऱ्याचेही तिच्यावर प्रेम आहे. ते खोटे असते. माणसाला इजा होऊ द्यायची नाही, हा यंत्रमानवाचा पहिला नियम. मन दुखावणे हीसुद्धा इजाच, म्हणून ज्याला जे ऐकायचे आहे ते तो सांगत सुटतो. आपली एकाकी इच्छा कोणालाही कळू न देणारी व्यक्ती समोर असल्याशिवाय त्या नियमातील ही फट इतकी वेदनादायक रीतीने उघडी पडली नसती. तिचे तुटकपण बाजूला काढले, तर कथेतील वैज्ञानिक प्रश्नच नाहीसा होतो.

आपल्या पात्राला हीच कसोटी लावावी. त्याचा स्वभाव उचलून दुसऱ्या कोणत्याही कथेत तसाच ठेवता येत असेल, तर मूळ अजून सापडलेले नाही.

एकच सवय घ्या आणि ती नेमकी करा

तोंडाळ, गबाळा, उद्धट, बढाईखोर, उशिरा येणारा आणि जेवताना आवाज करणारा असा एकच माणूस रंगवला, तर वाचकाच्या लक्षात काहीच राहत नाही. एक सवय निवडावी, ती बोलण्याच्या पातळीवर नेमकी करावी आणि तिच्यामागचे कारण स्वतःसाठी लिहून ठेवावे.

उदाहरणादाखल एक पात्र इथेच घडवू. मंगळावरील एका छोट्या तळावर सुहास नावाचा तंत्रज्ञ पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा सांभाळतो. कोणी "थोडं पाणी जास्त लागलं" असे म्हटले की तो लगेच विचारतो, "थोडं म्हणजे किती?" तो लहानाचा मोठा झाला तो अशा वसाहतीत, जिथे प्रत्येक घराच्या पाण्याची रोज नोंद व्हायची आणि मोघम बोलणाऱ्या माणसाकडे लपवाछपवी करणारा म्हणून पाहिले जायचे. त्याच्या लेखी आकडा सांगणे हा समोरच्याबद्दलचा आदर आहे. तळावरच्या इतरांना मात्र तो सतत उलटतपासणी घेतो असे वाटते.

अशी सवय कथेत किती वेळा दाखवावी? ती जितक्या वेळा येईल, तितक्या वेळा तिचा परिणाम बदलला पाहिजे, एवढे पथ्य पुरेसे आहे. पहिल्यांदा ती जेवणाच्या टेबलावर आली आणि कमांडर चिडली, तर दुसऱ्यांदा ती अशा जागी यावी जिथे कोणाचे तरी मन दुखावेल. नंतर कधीतरी गळतीची बातमी आल्यावर कमांडर स्वतःच "थोडी म्हणजे किती?" असे विचारून बसेल आणि त्याकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. तोच परिणाम तीनदा साधणारा प्रसंग म्हणजे वाचकाच्या वेळेचा अपव्यय आहे. वाचकाला कंटाळा येण्याची सुरुवात नेमकी इथून होते.

प्रसंग लिहिताना

आता सुहासला अवघड प्रसंगात टाकू. तळावरच्या नीरजाच्या वडिलांचे पृथ्वीवर निधन झाल्याचा निरोप येतो. पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग बहुधा असा उतरतो:

सगळे सुन्न झाले. सुहास म्हणाला, "मृत्यू ही नैसर्गिक प्रक्रिया आहे. रडून काही उपयोग नाही." सगळ्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिले.

हे वाक्य सुहासचे नाही. कोणत्याही कथेतल्या कोणत्याही रुक्ष शास्त्रज्ञाच्या तोंडी ते शोभेल. त्याची सवय त्यात नाही, मंगळ त्यात नाही, आणि रागाने पाहणाऱ्या माणसांनाही चेहरा नाही. आता हाच प्रसंग दुसऱ्यांदा लिहू. त्यासाठी दोन गोष्टी आधीच्या पानांवर सहज येऊन गेलेल्या हव्यात: या तळाचा पृथ्वीशी संपर्क एकाच उपग्रहामार्फत होतो, आणि तो मावळला की अकरा तासांनी उगवतो, तोवर आलेले निरोप उपग्रहावरच पडून राहतात.

"ताई, बाबा गेले," पडद्यावर नीरजाचा भाऊ सांगत होता. "चार तासांनी न्यायचं ठरलंय. तुला काही म्हणायचं असेल तर पाठव, मी तिथे ऐकवीन."

पडदा काळा झाला. कमांडरने नीरजाच्या खांद्यावर हात ठेवला.

"निरोप तिकडून किती वाजता निघाला?" सुहासने विचारले.

"सुहास, आत्ता नको."

"वेळ बघितली का कोणी?"

नीरजा उठली आणि आपल्या खोलीकडे निघाली. सुहासने पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला.

"नऊ मिनिटं आहेत," तो म्हणाला.

तिने दार लावून घेतले.

इथे सुहास एकदाही निष्ठुर बोललेला नाही. निरोप उपग्रहावर किती वेळ पडून होता हे कळल्याशिवाय चार तासांतले किती उरले ते समजणार नाही, आणि उपग्रह नऊ मिनिटांत मावळला तर मुलीचा आवाज वडिलांच्या अंत्यविधीपर्यंत पोहोचणार नाही, हे त्या खोलीत फक्त त्याला सुचले आहे. त्याला ते नीट सांगता आले नाही. उपग्रहाची माहिती वाचकाला आधी मिळालेली असल्यामुळे वाचक मनातल्या मनात हिशेब करतो आणि सुहासच्या बाजूने अस्वस्थ होतो; खोलीतल्या माणसांना मात्र त्याचा रागच येतो. वाचकाला पात्रांपेक्षा एक गोष्ट अधिक ठाऊक असणे, हा अशा प्रसंगाचा कणा आहे. तीच माहिती प्रसंगानंतर दिली, तर सुहास आधी नकोसा वाटेल आणि मग एका खुलाशाने त्याला माफ करावे लागेल. खुलाशाने मिळालेली माफी उसनी वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. "नऊ मिनिटं आहेत" यापुढे सुहासने स्पष्टीकरण दिले, तर तो अवघडलेला राहत नाही. अवघडलेल्या माणसाला नेमके आवश्यक तेच वाक्य वेळेवर सुचत नाही. लेखकाला ते सुचत असते, म्हणून ते त्याच्या तोंडी घालण्याचा मोह होतो. तो आवरावा.

पुढे काय होते, हे कथेच्या गरजेवर आहे. नीरजाने दार उघडले आणि निरोप पाठवला, तर सुहासबद्दलचे मत बदलेल आणि कथा हलकी होईल. तिने उघडले नाही आणि दुसऱ्या दिवशी तिला हिशेब कळला, तर दोघांमध्ये असे काही उरेल जे क्षमा मागून मिटणार नाही. मी दुसरी वाट निवडेन, कारण तिच्यात दोघांचीही चूक नाही आणि तरीही नुकसान झालेले आहे.

कथा कोणाच्या तोंडून सांगायची?

बाहेरून सांगितलेल्या कथेत असे पात्र त्रासदायक दिसते, आतून सांगितलेल्या कथेत ते एकटे दिसते. दृष्टिकोन निवडताना एवढे पक्के लक्षात असू द्यावे. डॅनियल कीज यांच्या १९५९ सालच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' या कथेत मतिमंद चार्ली स्वतःच्या नोंदी लिहितो. सुरुवातीला सहकारी त्याला हसतात, तेव्हा ते आपले मित्र आहेत असे त्याला वाटते. शस्त्रक्रियेने बुद्धी वाढल्यावर त्याला ते हसणे कळते, आणि पुढे तर आजूबाजूचे सगळेच त्याला संथ वाटू लागतात. म्हणजे बुद्धी कमी असतानाही तो लोकांत बसत नाही आणि वाढल्यावरही बसत नाही. बाहेरून पाहणाऱ्या निवेदकाला हे इतक्या जवळून दाखवता आले नसते.

मार्था वेल्स यांच्या २०१७ सालच्या 'ऑल सिस्टिम्स रेड' या लघुकादंबरीत स्वतःवर बसवलेले नियंत्रण गुपचूप काढून टाकलेला सुरक्षायंत्रमानवच निवेदक आहे. त्याला माणसांनी आपल्याकडे पाहिलेले सोसत नाही आणि मालिका बघत एकटे राहायला आवडते. बाहेरून तो केवळ एक शस्त्रधारी यंत्र आहे; त्याचा संकोच वाचकाला कळतो तो प्रथमपुरुषी निवेदनामुळे.

मधला मार्ग म्हणजे त्याला सोसणाऱ्या, पण त्याच्यावर माया असणाऱ्या माणसाला निवेदक करणे. लिडेनब्रोकचा पुतण्या हे त्याचेच उदाहरण. नवोदितांना मी हीच वाट सुचवेन, कारण अशा निवेदकाला चिडण्याचाही हक्क असतो आणि समजून घेण्याचाही.

बाकीच्यांना मुके ठेवू नका

त्रासदायक पात्राभोवतीची माणसे लेखक बहुधा एकाच साच्यातून काढतो: सगळी समंजस, सगळी एकाच वेळी उसासे टाकणारी. प्रत्यक्षात एकाच माणसाचा त्रास प्रत्येकाला वेगवेगळा होतो. एकाला त्याची लाज वाटते, दुसरा त्याच्या आडून आपली कामचुकारी झाकून घेतो, तिसरी व्यक्ती त्याची भाषा इतरांना उलगडून सांगता सांगता थकून गेलेली असते. ही थकलेली व्यक्ती मला फार मोलाची वाटते. सहा माणसांच्या तळावर कोणालाच दार आपटून घरी निघून जाता येत नाही, त्यामुळे तिथे सहनशक्ती हाही हवा-पाण्यासारखा मोजका साठा असतो. तो कोण खर्च करते आणि कधी संपतो, याची नोंद लेखकाने ठेवावी.

काही सापळे

हुशारी ही उद्धटपणाची परतफेड समजू नये. तो उद्धट आहे पण शेवटी त्याचेच बरोबर निघते, या हिशेबाने रचलेल्या कथेत इतरांचा अपमान फुकट ठरतो. कधीतरी अवघडलेल्या माणसाचे अनुमान चुकू द्यावे, आणि तरीही त्याला कथेत जागा असू द्यावी.

लक्षणांची यादी समोर ठेवून पात्र रचू नये. डोळ्यांत न पाहणे, आवाजाचा त्रास होणे, आकड्यांची आवड असणे, ही खऱ्या माणसांची खरी वैशिष्ट्ये आहेत. ती विनोदासाठी किंवा यंत्रासारखी बुद्धी दाखवण्यासाठी गोळा केली, तर तशी माणसे ती कथा वाचताना दुखावतात, आणि त्यांचे दुखावणे योग्य असते. ज्या अनुभवाबद्दल लिहायचे आहे, तो जगणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले आधी वाचावे.

शास्त्रज्ञ स्त्री म्हणजे थंड आणि एकाकी, हा साचा फार जुना आहे. कॅल्व्हिनच्या कथेत त्या थंडपणाला काम आहे. तरीही आज तोच साचा पुन्हा वापरण्याआधी, हाच स्वभाव पुरुष पात्राला दिला असता तर त्याला आपण काय म्हटले असते, असे स्वतःला विचारावे.

शेवटी पात्राला "बरे" करण्याची घाई नको. अखेरच्या पानावर सगळ्यांना मिठ्या मारणारा सुहास हा वेगळाच कोणीतरी असेल. बदल दाखवायचाच असेल, तर तो दोन्ही बाजूंनी थोडा थोडा दाखवावा.

पुनर्लेखन

खर्डा पूर्ण झाल्यावर काही दिवस बाजूला ठेवावा आणि मग त्या पात्राचे फक्त संवाद वेगळ्या कागदावर उतरवून मोठ्याने वाचावेत. जे वाक्य दुसऱ्या कोणाच्याही तोंडी चालले असते, ते बदलावे. जे वाक्य आधीच्या वाक्याचाच परिणाम पुन्हा साधते, ते काढावे. मला वाटते, या एका वाचनात अशा पात्राचे बरेच संवाद गळून पडतात आणि उरलेल्यांना धार येते.

त्यानंतर त्याच्यामुळे चिडलेल्या प्रत्येक पात्राच्या जागी बसून तो प्रसंग वाचावा. चिडण्याचे कारण त्या पात्राच्या दृष्टीने रास्त वाटले पाहिजे. नीरजाने दार लावून घेतले, यात ती मूर्ख दिसत असेल, तर प्रसंग सुहासच्या बाजूने झुकवून लिहिला गेला आहे. ती त्या क्षणी काय ऐकत होती, कोणता शब्द तिच्या कानांत घुमत होता, याचे एखादे वाक्य तिथे घालावे.

शेवटी खर्डा दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावा. "पात्र आवडले का?" असे विचारू नये, कारण हे पात्र आवडण्यासाठी लिहिलेलेच नाही. कोणत्या पानावर पुढचे चाळावेसे वाटले, आणि कोणत्या पानावर या माणसाच्या बाजूने काहीतरी बोलावेसे वाटले, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या उत्तरातली पाने पुन्हा लिहायला घ्यावीत. दुसऱ्या प्रश्नाला वाचकाकडे उत्तरच नसेल, तर पुन्हा मुळाच्या पायरीवर जाऊन त्या जगातले कारण नव्याने शोधावे.